तीन अणूंचा त्रिकोण

"ओ मावशी, ते कप उचला."

पीएचडीचे माझे सर माझ्या मायला म्हणाले. सकाळीच मी ओळख करून दिली होती, "सर, ही माझी माय. जळकोटहून आलीय." त्यांनी मानही हलवली होती.

माय उठली. पांढरा पदर खोचून पाहुण्यांचे उष्टे कप गोळा करू लागली. हसत. आमच्या विहारात कार्यक्रम झाला की शिकलेले, अडाणी, सगळेच उष्टं उचलतात. तिला वाटलं, लेकीच्या कॉलेजातही तीच रीत.

दुष्काळाचा उन्हाळा. नांदेडच्या होस्टेलचे नळ कोरडे. टँकरच्या रांगेत घागर ठेवून मी मोबाइलवर दुसरी रांग बघायची, परदेशातल्या क्वांटम कॉम्प्युटरची. नंबर लागला की आपलं गणित तिथं चालतं. माझं गणित चुंबकाचं. दोन शेजारी अणू एकमेकांच्या उलट दिशा धरतात. तिसरा दोघांना जोडला, तर त्यानं कुणाच्या उलट व्हावं? त्रिकोण अडतो. असे अणू वाढले की साधा कॉम्प्युटर हात टेकतो. क्वांटम मशीन अणूंच्याच नियमानं चालते, पण चुकतेही लई. तिच्या चुका वेगळ्या काढायची पद्धत मी बसवली होती.

मायला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "म्हंजी तिसऱ्याची फरफटच की गं."

त्या दिवशी ते काम पाहुण्यांपुढं मांडणार होता सरांच्या घरोब्यातला मुलगा. मला सर म्हणाले होते, "तू स्लाइड बदल. तुझी भाषा इथं चालायची नाही." मी स्लाइड जुळवून दिल्या होत्या. या माणसाला मी बापाच्या जागी मानत होते.

मायच्या हातातला ट्रे घेतला. सरांच्या टेबलावर ठेवला.

"सर, ही माझी माय हाय. आन् काम माझं हाय. मीच सांगणार."

"बस खाली. स्लाइडवर शेवटी टाकलंय ना तुझं नाव? तुम्हा लोकांना तेवढंही पुरत नाही."

मी लॅपटॉप मिटला. मायला घेऊन बाहेर आले.

बसस्टँडवर माय म्हणाली, "माझ्यानं चुकलं का बाई? उचलायला नव्हतं पायजे?"

"न्हाई, माय."

तिच्या तोंडाकडं बघवेना.

सरांनी माझं मार्गदर्शन सोडलं. दुसरा मार्गदर्शक अजून मिळाला नाही. लोह्याला तासिकेवर शिकवते. लोक म्हणतात, माफी माग, पदवी पदरात पाड.

मागणार नाही. पदवी मला हवीच आहे, पण त्या हाताच्या सहीनं नको. प्रबंध लिहायलेय. मीच मांडीन, जळकोटच्या तोंडानं. ज्याला कळणार नाही, त्यानं शिकून यावं.