तिरका बसवलेला पापुद्रा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुलमंडीत ब्लाउजच्या अस्तराचा रंग जुळवत उभी होते. कापड तसंच दुकानदाराच्या हातात ठेवून निघाले. रडू फार उशिरा आलं. त्याआधी मनात आलं ते भलतंच... आता ते पाहिलेली मी एकटीच उरले.

माझा थोरला भाऊ श्रीधर पदार्थविज्ञानाचा संशोधक. सोयगावच्या या मुलानं आयुष्य घालवलं ग्राफीनवर, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातल्या ग्रॅफाइटच्या, एका अणूइतक्या पातळ पापुद्र्यावर. तो सोलायचा कसा, तर चिकटपट्टीनं! लावायची, ओढायची, पुन्हा लावायची. त्याच्या बाहीला कायम एखादी काळपट पट्टी चिकटलेली असायची. आई म्हणायची, "इतकं शिकून पोरगं चिकटपट्ट्याच उपटायलंय." एरवी टापटिपीचा मात्र अतिरेक. मी वाढलेलं ताटसुद्धा पुन्हा पुसून घ्यायचा, माझं डोकं फिरायचं.

त्या दुपारी मी डबा घेऊन प्रयोगशाळेत गेले होते. दोन पापुद्रे एकावर एक, वरचा किंचित तिरका बसवून, त्यानं अतोनात थंड केले होते. पडद्यावर विजेला होणारा अडथळा दाखवणारी रेघ सरळ चालली होती, ती एकदम खाली कोसळली. "उषे, बघ! विजेला अडवणारं आता कुणी नाय इथं!" दादा ओरडला. मग बाहेरगावची जाणकार मंडळी तपासायला येणार असं ठरलं. आणि यानं काय करावं? पाहुण्यांपुढं नमुना स्वच्छ हवा म्हणून तो भट्टीत तापवून घेतला! पाहुण्यांसमोर रेघ काही पडली नाही. पहिल्या वेळी मोजणीची तार सैल असेल, म्हणून रेघ पडली असेल, असं म्हणून, चहा घेऊन ते गेले. दादाचं म्हणणं, उष्णतेनं वरचा पापुद्रा सरकून सरळ बसला, आणि सगळी करामत त्या तिरकेपणातच होती. पण तसा दुसरा नमुना त्याला कधीच जमला नाही. लोक हसले त्याचं त्याला काही नव्हतं, स्वतःचीच शंका त्याला खात राहिली.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हाही तेच. "उषे, तू पाहिलं होतंस ना गं?"

"व्हय दादा, पाहिलं."

"तार सैल नव्हती ना?"

तारेतलं मला काय कळतं! तरी म्हणाले, "नव्हती." त्यानं डोळे मिटले. रेघ पडली हे खरं, पण का पडली हे मला ठाऊक नाही, आणि हे मला फार छळतं.

त्याचं टेबल आवरताना सहकाऱ्यांनी नमुन्याची डबी मला दिली. आत नखाएवढा चकाकता तुकडा, त्यावरचे पापुद्रे डोळ्यांना दिसत नाहीत. ती माझ्या कपाटात आहे. कपाट पुसताना मी ती उचलते, खालची फळी पुसते... आणि डबी तशीच, धुळीसकट, जागेवर ठेवते.