लाईट गेल्यावरचं गाणं

बोरगाव मेघेतल्या आमच्या चक्कीवाल्याला लाईट गेलेली आवडते. चक्की थांबली की तो पिठाचे हात झटकतो आणि मोबाईलवर चर्चमधली जुनी गाणी लावतो. पेटी नाही, तबला नाही, नुसते पंधरा-वीस गळे.

"कोणती भाषा हो ही?" मी एकदा विचारलं.

"मले काय माहीत, भाऊ! पण एकाचा दम संपला का दुसरा धरते. गाणं खाली पडू देत नाई."

काल गाणं अर्ध्यावर असताना लाईट आली. त्याचा हात चक्कीच्या बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मी घड्याळाकडे पाहिलं. तेव्हा रांगेत रोज त्याच्याशी भांडणारी म्हातारी मला हळूच म्हणाली, "होऊ दे न, बापा. घरी कोण हाये त्याच्याशी बोलाले?"