वन्संच्या मापाची सॅक

वन्संनी डोंगरात चालायला जायचं ठरवलं तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, सरकारी कचेरीत नोकरी केली, आणि सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ती नोकरीही मुदतीआधी सोडली. पुढची अकरा वर्षं सासूबाईंचं सगळं त्यांनीच केलं. मी शाळेत गणित शिकवायला जायची, नवरा महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर. मदतीला बाई ठेवली होती, पण सासूबाईंना उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं वन्सं कुणाला करू देत नसत. त्या अकरा वर्षांत त्या ग्वाल्हेर सोडून कुठे मुक्कामाला गेल्या नाहीत, की दुपारी कधी आडव्या झाल्या नाहीत.

सासूबाई गेल्यानंतरच्या वर्षी, थंडी ओसरता ओसरता, पोळ्या लाटताना त्या म्हणाल्या, "मला पहाडात जायचं आहे. गाडीनं नाही, पायी."

"वैष्णोदेवीला?" मी विचारलं.

"देवाला नाही. नुसतं चालायचं. चार-पाच दिवस, आपलं सामान आपण उचलून. तुझी लेक जाते ना, तसं."

मी तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाले, "मग मीही येते." असं मी का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी तेव्हा चौपन्नची होते आणि शाळेचे दोन मजले चढले की मला धाप लागायची.

आमची लेक नोएडाला नोकरी करते. फोनवर तिनं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्या, तू सीरियस आहेस ना? तो फिर सुन, सबसे पहले सॅक. बाकी सब बाद में." आणि आठवड्याभरात तिनं घरी एक सॅक पाठवून दिली. साठ लिटरची, निळी, भक्कम. रिकामीच दोन किलोंच्या वर भरली. वन्संची उंची चार फूट दहा इंच. त्यांनी ती पाठीवर चढवली तर ती डोक्याच्या वर वीतभर गेली आणि कमरेचा पट्टा मांड्यांवर आला. मागून पाहिलं तर सॅकलाच पाय फुटलेत असं वाटत होतं. माझा नवरा सोफ्यावर आडवा पडून हसला. वन्सं आरशासमोर गेल्या, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "असं कर, मी हिच्यात बसून जाते. तू उचल."

ती सॅक परत गेली. मी एक वही घेतली. गणिताच्या बाईला वही घेतल्याशिवाय विचार करता येत नाही. पानावर रकाने आखले: वजन, लिटर, पाठीची लांबी, कमरपट्टा. रोज शाळेतून आल्यावर अर्धा तास वाचायचं आणि भरायचं. तेव्हा कळलं की बायकांची सॅक म्हणजे पुरुषांची सॅक गुलाबी रंगात, असं नसतं. तिची पाठ आखूड असते, खांद्याचे पट्टे छातीला काचू नयेत म्हणून वळवलेले असतात, कमरपट्टा कंबरेच्या हाडावर बसेल असा तिरपा असतो. आणि भरलेली सॅक आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाहून जड नसावी, हेही बऱ्याच ठिकाणी वाचलं.

"तुमचं वजन शेहेचाळीस," मी वन्संना म्हणाले. "म्हणजे नऊ किलोंच्या वर काही उचलायचं नाही."

त्या मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शेवटी शेवटी आई अडतीस किलोंची होती."

मी वही मिटली. मग मीही मटार सोलायला बसले.

सॅकसाठी पाठीची लांबी मोजावी लागते. मान पुढे झुकवली की मागे जो मणका वर येतो, तिथपासून कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. एका रविवारी दुपारी मी शिवणकामाची टेप घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. एका घरात तीस वर्षं राहिलो होतो, एकमेकींच्या आजारपणात उठलो-बसलो होतो, पण त्यांच्या पाठीला माझा हात कधी लागला नव्हता. मी मणका चाचपडला, टेप धरली, आणि तेव्हा मला दिसलं की त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दीड इंच खाली आहे.

"वन्सं, हा खांदा दुखतो?"

"आता नाही."

"आता म्हणजे?"

"अगं, आईला उठवताना तिचा हात इथेच असायचा. सगळा भार ह्याच बाजूला."

"मला कधी बोलला नाहीत."

"बोलून काय झालं असतं? तू उचललं असतंस. मग तुझाही खांदा गेला असता आणि शाळेत फळ्यावर लिहिलं कुणी असतं?" त्या हसल्या. "किती भरलं ते सांग."

पंधरा इंच. मी पुन्हा मोजलं, आणि तिसऱ्यांदाही मोजलं. पंधराच होते, पण मला एवढ्यात टेप गुंडाळावीशी वाटेना.

बाड्यावर, म्हणजे गावातल्या मोठ्या बाजारचौकात, दुकानं हिंडत आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. तिथे सॅकला पिट्ठू म्हणतात. शाळेचे पिट्ठू होते, कॉलेजचे होते, फौजी हिरव्या रंगाचे होते. "लेडीज में ये आता है जी," म्हणून एकानं एक गुलाबी पिट्ठू काढला. त्याच्या चेनला कापसाचं छोटं अस्वल लटकत होतं. वन्संनी ते अस्वल हातात घेऊन नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "भैया, मुझे पहाड़ जाना है, नर्सरी में दाख़िला नहीं लेना."

शेवटी वहीतलं माप बघूनच मागवायचं ठरलं. यादीत दोन सॅका उरल्या होत्या आणि त्यांच्यावरून आमचं वाजलं. मला आवडलेली होती तिला बाहेरून-आतून मिळून अकरा खण होते, पाठीला ताणलेली जाळी होती, वजन दीड किलो. वन्संना आवडलेली अगदी साधी होती. एक मोठा कप्पा, वर एक लहान, बाजूंना बाटलीच्या दोन जागा. अडतीस लिटरची आणि वजन नऊशे ग्रॅम.

"हिच्यात काही सापडणार नाही," मी म्हणाले. "सगळं एकात एक."

"खण असले की भरून राहतात. मला रिकामं पाहिजे," त्या म्हणाल्या.

मी नाशिकहून लग्न होऊन आले तेव्हा ह्या घरातलं असलं हिंदी वळणाचं मराठी ऐकून मला हसू यायचं. चहा 'बनून जायचा', पाऊस 'पडून राहायचा'. आता माझं माहेरचं कुणी आलं की ते मला हसतात. तर, भांडण मिटलं ते असं, की त्यांनी त्यांची घेतली आणि मी माझी.

दोन्ही आल्या. वन्संची राखाडी हिरवी. त्यांच्या पाठीवर ती बेताची बसली, डोक्याच्या वर गेली नाही, पट्टा कंबरेवर आला. मग सराव सुरू झाला. सॅकमध्ये पाच किलो तांदूळ, दोन चादरी, पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या घालायच्या, सकाळी साडेपाचला स्कूटरवरून ग्वालियर गेटला जायचं आणि किल्ला चढायचा. रोज फिरायला येणारे लोक आमच्याकडे वळून बघायचे. "माताजी, कौन सी यात्रा पे?" एका गृहस्थांनी विचारलं.

"अभी तो चावल घुमा रहे हैं," वन्सं म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

पण उजव्या खांद्यावरून पट्टा सारखा घसरत होता. दर वीस पावलांनी त्या तो वर ओढायच्या. चार दिवस असंच चाललं. पाचव्या दिवशी घरी चहा पिताना त्यांनी कप डाव्या हातानं उचलला. मला कळायचं ते कळलं.

"वन्सं, आपण सामानाला खच्चर सांगू. मिळतं तिथे. खूप जण करतात."

त्यांनी कप खाली ठेवला. "तुला पाहिजे तर तू कर. तूच बस खच्चरावर." तीस वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्यावर आवाज चढवून बोलल्या. नवऱ्यानं एकदा दोघींकडे पाहिलं आणि पेपर घेऊन गच्चीवर गेला. मला राग आला होता आणि लाजही वाटत होती. जन्मभर दुसऱ्याचा भार वाहिलेल्या बाईला पहिल्यांदा स्वतःचं चार कपड्यांचं ओझं उचलायचं होतं, आणि मी ते काढून घ्यायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर त्या सॅक काखोटीला मारून दारात उभ्या. "बाड्याजवळ, गोरखी वाड्याच्या मागे एक बॅगवाला आहे. चलतेस?"

मी चहासुद्धा न घेता स्कूटर वळवली.

तो बॅगवाला म्हणजे सत्तरीतले एक मियाँजी. गल्लीत ओट्यावर मशीन टाकून बसलेले, चष्म्याला दोरा. सुटकेसची चाकं, शाळेच्या दप्तरांच्या चेन, असली कामं. त्यांनी सॅक हातात घेतली, उलटसुलट केली, शिवण बघून मान डोलावली. मग तिच्यात बकलांनी भरलेली एक जड पिशवी घातली, वन्संना सॅक चढवायला सांगितली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायला सांगितलं. त्या गेल्या, आल्या. पुन्हा गेल्या, आल्या.

"बहनजी, आपका एक कंधा नीचे है," ते म्हणाले.

"जी, मालूम है."

"तो बैग को सीधा क्यों रखा है? जैसी पीठ, वैसा बैग."

वन्सं म्हणाल्या, "टेढ़ी तो मैं शुरू से हूँ, आप कर दीजिए."

मियाँजींनी उजवा पट्टा उसवला, दोन बोटं आत घेतला, त्याखाली नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, एक जाड तुकडा घालून पुन्हा शिवला. नव्याकोऱ्या सॅकवर कात्री चालताना मला बघवेना, म्हणून मी समोरच्या दुकानातल्या बांगड्या बघत उभी राहिले. काम झाल्यावर त्यांनी वन्संना कमरपट्टा आधी आवळायला सांगितला आणि खांद्याचे पट्टे त्यानंतर. "वज़न कमर पे लीजिए. कंधा बस थामने के लिए है." मी हेच वहीत लिहिलं होतं, लाल शाईनं. पण वन्संनी ते माझं कधी ऐकलं नव्हतं, मियाँजींचं लगेच ऐकलं.

पुढच्या सकाळी किल्ल्याच्या चढावर पट्टा घसरला नाही. पहिल्या वळणावर त्यांनी सवयीनं हात खांद्याकडे नेला, तिथे काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून हात तसाच खाली आणला. मग त्या माझी वाट न बघता वर गेल्या. मी दरवाज्यापाशी पोहोचले तेव्हा त्या पायरीवर बसून खालचं शहर बघत होत्या. मला म्हणाल्या, "तुझ्या सॅकमध्ये तांदूळ आहेत की दगड?"

मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, आम्ही गेलो. आदल्या दिवशी लेक येऊन सामान तपासून गेली. वन्संनी एका टॉवेलचे कापून दोन केले आणि अर्धा मला दिला. त्यांची सॅक सात किलो भरली, माझी साडेदहा. उत्तराखंडातल्या त्या वाटेवर आम्ही बारा जण होतो, आणि आमच्या दोघींखेरीज चाळिशीच्या वरचं कुणी नव्हतं.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशीच्या चढावर माझा गुडघा धरला. मी दगडावर बसले आणि गुडघ्याचा पट्टा शोधायला लागले. अकरा खण. प्रत्येकाची चेन उघडली, औषधं निघाली, सुई-दोरा निघाला, खजूर निघाले, वाचायच्या चष्म्याची दोन घरं निघाली, पट्टा निघेना. वन्सं समोर बसून बघत होत्या. मग त्यांनी सॅक माझ्या हातातून ओढून घेतली, तळाशी हात घातला आणि पट्टा काढला. तो त्यांनीच माझ्या गुडघ्याला बांधला. मग माझी पाण्याची बाटली, जाकीट आणि खजूर उचलून स्वतःच्या सॅकमध्ये टाकले.

"अहो, तुमचा खांदा," मी म्हणाले.

"कमरेवर घेते आहे. माझ्यात जागा आहे. ऊठ."

त्या दिवशी त्या माझ्या पुढे दहा पावलं चालत राहिल्या. प्रत्येक वळणावर थांबायच्या, मी दिसले की पुन्हा चालायच्या. वर खिंडीत पोहोचलो तेव्हा समोर बर्फाची रांग उघडी पडली होती. बरोबरची मुलं फोटो काढत सुटली. मला वाटलं, वन्सं आता रडतील. माझेच डोळे भरून आले होते. त्यांनी सॅक उतरवली, शेजारी नीट उभी करून ठेवली, पदर नव्हता म्हणून जाकिटाच्या बाहीनं मान पुसली आणि म्हणाल्या, "वारा चांगला आहे." मग बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही खालच्या गावात उतरलो. तिथे फोनला रेंज होती. चहाच्या टपरीबाहेर बसून मी नवऱ्याला फोन लावला.

"पोचलात? दोघीही ठीक?"

"ठीक. माझा गुडघा सुजलाय, पण ठीक."

"ताई कुठे आहे? दे तिला."

मी वळून पाहिलं. टपरीमागच्या गवतावर वन्सं बूट काढून उताण्या पडल्या होत्या, हात दोन्हीकडे पसरलेले, तोंड किंचित उघडं. एक कोंबडी त्यांच्या मोज्यांभोवती फिरत होती.

"झोपल्यात," मी म्हणाले.

"आत्ता? भर दुपारी?" त्याला ते खरं वाटेना. "उठव ना, दोन मिनिटं बोलतो."

"नाही उठवत," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला.