काकूंच्या यादीतलं शेवटचं नाव

आमच्या घरमालकीण काकूंइतक्या चेटकिणी अख्ख्या काशीत कुणाच्या ओळखीच्या नव्हत्या. नव्वदच्या दशकात बँकेनं माझी बदली बनारसला केली आणि मी दूधविनायक गल्लीत काकूंच्या माडीवर राहायला गेलो. काकू शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. जुन्या कज्ज्यांच्या कागदांतून, चेटकीण ठरवून मारलेल्या बायकांची नावं हुडकायचा त्यांना नाद होता. त्यापायी डाळ करपायची, दूध उतू जायचं आणि मी ते सगळं निमूट गिळायचो. गल्लीतल्या भांडणात कुणी "डायन" म्हणालं, की काकू खिडकीतून गरजायच्या, "कोणती? नाव बोल, गाव बोल!" भांडण तिथंच मिटायचं, कारण पुढं अर्धा तास इतिहास ऐकावा लागे.

एका पितृपक्षात काकूंनी हट्ट धरला, आपल्या यादीतल्या या साऱ्या बायकांना अमृतराव घाटावर पाणी मिळालंच पाहिजे. तर्पणाला अर्थातच मी बसलो. शेजारच्या रामघाटावरून बोलावलेले गुरुजी यादी बघून दचकले.

"काकू, ह्या मागे लागल्या तर?"

"गुरुजी, त्या कुणाच्या मागे लागल्या नव्हत्या. लोक त्यांच्या मागे लागले होते."

"बरं, गोत्र?"

"माहीत नसलं की काश्यप. तुम्हीच सांगता ना?"

"आणि नातं?"

"ह्याच्या मावश्या!"

एका सकाळी मला सतरा मावश्या झाल्या.

गाडं अडलं शेवटच्या ओळीवर. कागदात तिथं नुसतं 'एक म्हातारी' होतं. "नावाशिवाय पाणी पोचणार कुणाला? हिला राहू द्या," गुरुजी म्हणाले. काकूंचा चेहरा पडला. मग त्या ताठ बसल्या. "तिच्या जागी माझं नाव घाला. सुभद्रा."

"जिवंत माणसाच्या नावानं पाणी? अपशकुन आहे, काकू!"

"बिलकुल घाला. इतकी वर्षं माझं तरी नाव कुणी विचारलंय?"

मी मान खाली घातली. दोन वर्षं त्यांच्या हातचं जेवत होतो आणि नाव मला तेव्हा कळत होतं. ओंजळ भरली आणि त्या नावानं पाणी सोडलं.

नंतर दरवर्षी स्वतःच्या नावाचं पाणी गंगेत पडताना बघून काकू ठणठणीत घरी यायच्या आणि दोन वाट्या खीर खायच्या. यमाला अशा वाकुल्या दाखवणारी घरमालकीण आपल्याला मिळाली, याचा मला फार अभिमान वाटायचा. तो अजूनही वाटतो.

आता काकू नाहीत. यंदा यादी घेऊन घाटावर बसलो आणि शेवटचं नाव वाचलं, "सुभद्रा." गुरुजींनी हळूच विचारलं, "आता हे पाणी कुणाचं? काकूंचं, की त्या म्हातारीचं?"

"दोघींचं," मी म्हणालो. "पण आधी म्हातारीला द्या, नाहीतर काकू रागावतील."