हार्डडिस्कमधली याडी

पुण्याला नोकरीसाठी निघाले त्या दिवशी दादानं घरातला कम्प्युटर उघडला, आतली हार्डडिस्क काढली आणि टॉवेलात गुंडाळून माझ्या बॅगेत घातली. "डब्बा कुठं नेतं? तुहं सारं यातच हाय," म्हणाला. याडी, म्हणजे आमची आई, कळंबच्या स्टँडपर्यंत आली होती. एसटी हलली तरी खिडकीची दांडी सोडेना. "जेवत जाजो बरं," एवढंच म्हणाली.

बंजारा तांड्यावर आमच्या गोरबोलीत बोलणारी मी पुण्यात आधी वऱ्हाडी लपवायला शिकले, मग गोरबोलीही सुटली. याडी फोनवर गोरबोलीत विचारायची, मी मराठीत उत्तर द्यायची. हार्डडिस्क कपाटात पडून होती.

यंदा याडीला लकवा मारला. हात पुष्कळ सुधारला, वाचा मात्र गेली. दादाचा फोन आला. "कॉलेजात असतानी तू तिचा ढावलो रेकॉर्ड केलता ना? पाह्य सापडते का. घर मुकं झालं."

ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या मुलीनं रडत गायचं गाणं.

केबल आणून हार्डडिस्क नव्या लॅपटॉपला जोडली. आत नुसतीच टकटक. पुन्हा जोडली, तर लॅपटॉप विचारतो, डिस्क फॉरमॅट करायची का? म्हणजे सगळं पुसायचं का! घाबरून ऑफिसातल्या शलाकाला फोन केला.

"कशालाही हो म्हणू नकोस," ती म्हणाली. "जुन्या डिस्कला लॅपटॉपची वीज पुरत नाही. वेगळा अडॅप्टर लाव."

दुसऱ्या दिवशी अडॅप्टर लावला आणि फोल्डर उघडले. आधी बकरीचं ओरडणं ऐकू आलं, मग माझं "म्हण ना आता," आणि मग याडी, गोरबोलीत: "थांब, पदर नीट घेऊ दे." आवाज तेवढा रेकॉर्ड होत होता! मी हसले, आणि हसता हसता रडू फुटलं.

दादाला फाइल पाठवून व्हिडिओ कॉल लावला. त्यानं याडीजवळ गाणं लावलं. दुसऱ्या ओळीला तिचे ओठ हलले. गळ्यातून सूर आला, फाटका, पण नेमक्या जागी. गाण्यातली मुलगी आईला हाक मारते तिथं शब्दही आला. "याडी..."

"आयकलं का तू?" दादा ओरडला.

बोलणं गेलं तरी गाणं कधी कधी उरतं, असं डॉक्टर म्हणाले. आता रोज संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावते. ती सूर धरते, मी शब्द पुरवते. अर्धे ठाऊक नसतात, ते वहिनीला विचारते. उच्चार चुकला की याडी मान हलवते आणि मला पुन्हा म्हणावं लागतं. पुण्यात स्वतःचा फ्लॅट घेतलाय मी. पण माझी चूक अजूनही कुणी दुरुस्त करतं, ते घर तिकडं आहे.