तिसरा पाय आखूड

आमचे हे सुतार आहेत. रविवारी हत्यारं दुकानात राहतात, पण खिशात लाकडाच्या पाचरी असतातच. बाजारात गेलो की मी टोमॅटो निवडते आणि हे भाजीवाल्या मावशींच्या हलणाऱ्या फळीखाली पाचर ठोकत बसतात. मावशी खूश होऊन यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी ठेवतात. जड पिशव्या धरून उभी कोण? मी!

हॉटेलात तर विचारूच नका. बसल्याबसल्या हे टेबलावर दोन्ही कोपरं टेकतात. टेबल जरा डुगडुगलं की स्वारी टेबलाखाली. वेटर सूप आणून ठेवतो, आणि मी एकटीच वाफेकडे बघत बसते.

"अहो, वर या, निवतंय सगळं!"

खालून आवाज येतो, "आलोच. तिसरा पाय आखूड आहे."

एकटीनं सुरुवात करणं मला जमत नाही. हे गुडघे झटकत वर येतात तोवर सूप गारढोण!

काल एका नव्या हॉटेलात गेलो. यांनी कोपरं टेकली, टेबल हललं नाही. परत टेकली. तोंड एवढंसं झालं. मी मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची! सूप आलं तसा भला मोठा चमचा तोंडात घातला आणि जीभ अशी पोळली की डोळ्यांतून पाणी आलं. हॉटेलातलं सूप फुंकून प्यायचं असतं, हेच मी विसरले होते.

यांनी शांतपणे पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"म्हणून म्हणतो," हे म्हणाले, "टेबल थोडं हलणारंच बरं."