हत्तींना परत पाठवणारी पेटी

हेमराज बांबोळे हा गडचिरोलीतल्या वडशाजवळच्या एका गावातला साउंडवाला. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांना माईक-भोंगे पुरवायचा, एरवी पंखे आणि मोटारी दुरुस्त करायचा. रानटी हत्तींचा कळप धानात उतरायला लागला, तेव्हा त्यानं एक पेटी बनवली. माणसाला ऐकू येणार नाही असा खर्जातला आवाज ती जमिनीत सोडेल आणि हत्तीला तो त्याच्याच भाषेतला ‘मागे फिर’ असा हुकूम वाटेल, असं त्याचं म्हणणं होतं.

पेटंटचा अर्ज करण्याआधी त्यानं मोबाइलवर इतरांचे अर्ज चाळले. कुणी इंधनाशिवाय कायम फिरणारं चाक मांडलं होतं, कुणी स्वप्नं टिपणारी उशी, कुणी मेलेल्यांशी बोलणारा रेडिओ.

“हे लोक अर्ज करून राह्यले, मंग मी काऊन नाई?” तो बायकोला, दुर्गाला, म्हणाला.

“त्यायच्या उशीनं कोनी मरत नाई,” दुर्गा म्हणाली.

त्यानं अर्ज केला. धान कापणीला आलं आणि एका संध्याकाळी कळप तलावाची पाळ उतरून खाली आला. हेमराज पेटी घेऊन बांधावर उभा राहिला. मागे अर्धं गाव. त्यानं बटण दाबलं. पुढची हत्तीण थांबली, सोंड उचलून वास घेऊ लागली. मग ती वळली, आणि तिच्यामागे सगळा कळप जंगलात गेला.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. घरी येऊन त्यानं पेटी उघडली, तर बॅटरीची तार निघालेली. पेटी सुरूच झाली नव्हती.

“साऱ्यायले सांगून दे,” दुर्गा म्हणाली.

“सांगतो.”

त्यानं तार जोडली, पण सांगितलं नाही. पेटंटची सुनावणी जवळ आली होती, यंत्र चालल्याचा पुरावा हवा होता. शेजारचे म्हातारे शेतकरी झाडूभाऊ तर साक्ष द्यायला आपणहून तयार होते.

कळप पुन्हा आला तेव्हा हेमराज वडशाला गेला होता. परतला तर घरात पेटी नाही. झाडूभाऊ ती घेऊन शेतात गेल्याचं कळलं, तसा तो धावत सुटला. झाडूभाऊ धानात एकटेच उभे होते. समोर पेटी, पेटीवरचा लाल दिवा लागलेला. हत्तीण सरळ चालत येत होती.

“झाडूभाऊ, मागं या!”

“काऊन? त्या दिवशी फिरली ना.”

“त्या दिवशी पेटी बंद होती. तार निघाली होती.”

झाडूभाऊ त्याच्याकडे बघत राहिले. हेमराजनं त्यांचा दंड धरला आणि दोघं शेतालगतच्या नहरात, कालव्यात, कोसळले. म्हाताऱ्याचा पाय मोडला. वर धान तुडवल्याचा आवाज येत होता. कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून झाडूभाऊंनी दुपट्ट्याचा बोळा दातांत धरला. कळप निघून जाईपर्यंत दोघं तसेच चिखलात पडून होते.

सुनावणी मोबाइलवर झाली. अधिकारी मॅडमनी विचारलं, “यंत्र चालतं, याचा पुरावा काय?”

“चालत नाई, मॅडम. बंद होतं तवा हत्ती फिरले. सुरू होतं तवा अंगावर आले.”

“मग अर्ज मागे घेताय?”

“घेतो.”

गावालाही त्यानं चौकात उभं राहून सगळं सांगितलं. काही जण उठून गेले. झाडूभाऊंनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यांचं वाचलेलं धान हेमराज आणि दुर्गानं एकेक बांधी, म्हणजे शेताचा एकेक तुकडा, करून कापायला घेतलं. म्हातारा प्लास्टर घातलेला पाय लांब करून बांधावरच्या खाटेवर बसायचा, नजर दुसरीकडे. एका दुपारी हेमराज विळा ठेवून पाणी प्यायला आला, तेव्हा झाडूभाऊ पहिल्यांदा बोलले.

“खालची बांधी राह्यली.”

हेमराज विळा उचलून खाली उतरला.